सारंगाची शीळ

दुपारी साउंडचेकला शलाकाने तिचा सगळ्यात गाजलेला ट्रॅक लावला. बास थांबला आणि रिकाम्या मैदानावर एक लांब शीळ घुमली. याच शिळेवर गर्दी बेभान व्हायची. हिच्याच जोरावर शलाका आज मोठ्या स्टेजवर पोहोचली होती.

“छान घालतो गं शीळ,” मागे खुर्चीत बसलेली आई म्हणाली. “कोण आहे हा?”

“जुनं रेकॉर्डिंग आहे, आई.”

“तुझ्या बाबांना नाही गं कधी जमली. नुसती फुंकर!” आई हसली.

बाबा रेवसच्या लाँचवर सारंग होते, लाँचचं सुकाणू त्यांच्या हाती असे. लाँच धक्क्याला लागायच्या आधी ते शीळ घालत आणि धक्क्याजवळच्या घरात आई चहाचं आधण ठेवी. ते गेल्यावर ती शीळ फक्त आईच्या आठवणीत उरली होती. शलाकाने ती स्मृतिकेंद्रात तिच्या मेंदूतून काढून घेतली. काढलेला आवाज मेंदूत उरत नाही, असं डॉक्टरांनी शलाकाला बजावलं होतं. आईला मात्र ती म्हणाली होती, “नुसती कॉपी करतात गं.”

“मॅडम, शीळ अजून वर घेऊ?” साउंड इंजिनिअरने विचारलं.

शलाकाने मान डोलावली. शीळ पुन्हा घुमली. मागे खुर्ची सरकली म्हणून तिने वळून पाहिलं, तर आई टेबलावरच्या किटलीत पाणी ओतत होती. ओतता ओतता ती थबकली.

“मी कशाला उठले गं?”

शलाकाला तिच्याकडे बघवेना. “चहा ठेवायला,” ती म्हणाली.

“हो का?” आईने स्टेजच्या पायऱ्यांकडे पाहिलं. “कोण येणारे?”