बारा भोकं

‘हात लावू नकोस, इन्स्टॉल होतंय!’ चर्चचा सेक्रेटरी बायकोवर खेकसला. तिसऱ्यांदा होत होतं. सॉफ्टवेअर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांच्या, नावानं घेतलेलं, आणि हा गृहस्थ नावाचा रकाना दिसला की स्वतःचं नाव टाकत होता. दोनदा मशीन अडलं. चूक अर्थातच मशीनची.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर होता. तो चर्चच्या ऑफिसात नको, आपल्या घरीच हवा, हे त्यानं कमिटीत आरडाओरडा करून पास करून घेतलं होतं. सगळ्या सभासदांची नावं घरात आली की मंडळी आपल्या खिशात, एवढं त्याला कळत होतं. धर्मातलं त्याला तेवढंच कळत होतं.

इन्स्टॉल झालं आणि बायकोला हात लावायची परवानगी मिळाली, कारण साहेबांना टायपिंग येत नव्हतं. दुपारभर ती बुटांच्या खोक्यातली कार्डं एकेक काढून भरत बसली. दर सभासदाचं वर्षाचं एक कार्ड, त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, लोक आत जाताना सेक्रेटरी दारातच खोक्यातलं ज्याचं त्याचं कार्ड काढायचा आणि त्या महिन्याच्या चौकोनात पंचिंग मशीननं भोक पाडायचा. भोक म्हणजे हजर. ते पंचिंग मशीन तो कुणाच्या बापाच्या हाती देत नसे. तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा दारात खुर्ची टाकून बसला होता.

‘आता नियम घाल,’ तो म्हणाला. ‘वर्षभरात एकही भोक नाही, तो निष्क्रिय. निष्क्रिय म्हणजे मत नाही आणि कबरस्तानात जागाही नाही.’

‘आणि ऑर्गनवाल्या बाई?’

या दोघांच्या लग्नात बाईंनीच ऑर्गन वाजवला होता. आता वर्षभर त्या अंथरुणाला खिळून होत्या. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, दर महिन्याला घरी जाऊन त्यांना प्रभुभोजन देऊन येत, पण पंचिंग मशीन चर्चच्या दारात. तेव्हा कार्ड कोरं. कबरस्तानात भिंतीलगत, झाडाखाली, नवऱ्याशेजारी त्यांची जागा राखून ठेवलेली होती. परवाच त्या बायकोला म्हणाल्या होत्या, ‘मला आता कुठे जायचं ते माहीत आहे, म्हणून भीती वाटत नाही बघ.’ त्याच जागेवर सेक्रेटरीचा कधीपासून डोळा होता. मेल्यावरसुद्धा मेल्याला सावली हवी!

‘मशीनला दयामाया नसते,’ तो खुशीत म्हणाला. ‘एकदा नियम लावला की हातानं काही फिरवायचं नाही. दाब.’

तिनं दाबलं. निष्क्रियांची यादी आली, चारच नावं. वरचं नाव बाईंचं. तो मिटक्या मारत खाली वाचत गेला आणि शेवटच्या नावाशी थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘अगं, हे माझं नाव आहे!’

‘तुमचंच आहे. तुमच्या कार्डाला एकही भोक नाही.’

‘मी दर वेळी दारात उभा असतो! सगळी मंडळी बघते!’

‘दारातच ना? आत भाकर मोडतात तेव्हा तुम्ही बाहेर भोकं मोजत असता. आत कधी गेलात?’

त्यानं स्वतःचं कार्ड शोधून काढलं आणि उजेडासमोर धरून पाहिलं. 

‘नियमच काढून टाका,’ ती म्हणाली. वेडी आशा, दुसरं काय. ‘तुम्हीही परत याल, बाईही येतील.’

तो विचारात पडला. निदान तसं दिसलं तरी. मग त्यानं खिशात हात घातला, पंचिंग मशीन काढलं आणि स्वतःचं कार्ड पुढे ओढलं. खट्. जानेवारी. खट्. फेब्रुवारी. जिभेचं टोक दातांत धरून, गणित सोडवणाऱ्या पोरासारखा तो डिसेंबरपर्यंत गेला. कागदाच्या पांढऱ्या टिकल्या टेबलक्लॉथवर सांडल्या. त्यानं कार्डावर फुंकर मारली आणि ते तिच्यासमोर टाकलं.

‘हं, भर.’

बायकोला त्याचा राग यायचा, कंटाळा यायचा, कधीमधी कीवही यायची. आज नुसती किळस आली. तरी तिनं बाईंचं कार्ड त्याच्याकडे सरकवलं.

‘यालाही पाडा. त्यांनी तर खरोखर घेतलंय, पाळकांच्या हातून.’

तो दचकून मागे सरला. अगदी मनापासून दचकला.

‘वेडी आहेस की खुळी? त्या चर्चच्या दारात आल्याच नाहीत. ते खोटं होईल!’

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. पाळकांचाच असणार म्हणून तो केस सारखे करत उठला. दुसऱ्याच क्षणी त्याचा आवाज साखरेत घोळल्यासारखा ऐकू यायला लागला. ‘झालं हो पाळकसाहेब, एकदम चोख... छे छे, वशिला कसला? मशीन आहे ते...’

पंचिंग मशीन टेबलावरच राहिलं होतं. बायकोनं त्याचं कार्ड न भरताच बाजूला सारलं, टिकल्या झटकल्या आणि बाईंचं कार्ड समोर घेतलं.

‘...नाही नाही, माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावत नाही,’ तो सांगत होता.

खट्.

तो बोलता बोलता थांबला. ती थांबली नाही.