कोंडलेला महादेव

सन दोन हजार पंचवीस, सप्टेंबर महिना. जामखेडकडच्या त्या गावात चौथ्या दिवशीही पाऊस थांबेना. घरं गळायला लागली, तसं सगळं गाव महादेवाच्या सभामंडपात येऊन बसलं. तिथे रामहरी आणि त्याची सून रोहिणी यांचं जुंपलं होतं.

"हे आपणच ओढवून घेतलंय, मामा," रोहिणी म्हणाली. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. "धूर सोडायचा, झाडं तोडायची. हवा तापते. तापलेली हवा जास्त पाणी धरते, आणि ओतते तेव्हा असं ओतते."

भांडण खरं बांधावरच्या अकरा चिंचांचं होतं. रामहरीने त्या वीटभट्टीवाल्याला कबूल केल्या होत्या. पाऊस उघडला की करवत येणार होती. रोहिणीला त्या वाचवायच्या होत्या.

"माणसाची काय टाप हाय गं पावसाला हात लावायची?" रामहरी गरजला. "माणसानं काय बी केलं तरी वरचं हालत न्हाई!"

बावीस वर्षं तो देवस्थान समितीचा अध्यक्ष होता. साऱ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मंदिर झाडणारी लंकाबाई बॅटरी घेऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरली, दार ढकललं आणि ओरडली, "अगं बया! देव अजून पान्यातच हाय की!"

सारे गाभाऱ्याकडे वळले. जुलैत थेंब पडला नव्हता, म्हणून गावाने रीतीप्रमाणे महादेव कोंडला होता. पाणी जायचं भोक चिंध्यांच्या बोळ्याने बुजवायचं, घागरी ओतून पिंड बुडवायची, दार लोटून घ्यायचं. पहिला चांगला पाऊस झाला की अध्यक्षाने बोळा काढायचा आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस आला, तेव्हा रामहरीचे वडील हातातली भाकरी टाकून धावले होते. ऑगस्टात पाऊस आला, तेव्हा रामहरी नगरला लेकीच्या बाळंतपणाला गेला होता. बारसं जेवून परतला आणि विसरला.

"म्हंजे दोन महिनं देव बुडालाय, आन् धाडतोय पाऊस!" बजरंग उठला. त्याचं कांद्याचं रोप वाहून गेलं होतं. "ह्ये समदं ह्या एकट्यानं केलंय! काढा ह्याला समितीतनं!"

"काढा, काढा," मागून आवाज आले.

रामहरीने एकेक तोंड पाहिलं. मग सुनेकडे वळला.

"पोरी, त्ये धुराचं काय म्हनत हुतीस? सांग की ह्यास्नी. समद्यांनी मिळून केलंय म्हनून."

रोहिणीने सावकाश पदर सारखा केला. "आणि चिंचा, मामा?"

"ऱ्हाऊ दी चिंचा! तू बोल आधी!"

रोहिणी अर्धा तास बोलली. तोवर बजरंगने बोळा उपसला. ती शेवटच्या मुद्द्यावर आली आणि बाहेर लख्ख ऊन पडलं. अर्धं गाव तिच्या बाजूने झालं, अर्धं बोळ्याच्या. त्या घोळात रामहरीला काढायचं राहून गेलं.

वीटभट्टीवाल्याने दुसऱ्या गावात झाडं पाहिली. रामहरी अजून अध्यक्ष आहे, आणि जामखेडच्या बाजारात धुराविषयी सुनेपेक्षा जास्त बोलतो. बजरंगने पुन्हा कांदा लावला, तो मात्र साधला. रोहिणी वर्गात हा धडा घेते तेव्हा पोरं बोळ्याचं विचारतातच. लंकाबाई तेवढी कुणाचीच बाजू घेत नाही. गाभाऱ्यातलं पाणी तिने ऑगस्टातच पाहिलं होतं. पण तेव्हा तिची विहीर अजून अर्धीच भरली होती.