उशिरा फिरवलेली ताटली

जेवता जेवता कुणी उठून निघालं, की मागे राहिलेल्यांनी लगेच आपापली ताटली जागच्या जागी गोल फिरवायची. मग जाणारा सुखरूप परत येतो. क्रिसांताच्या बेटावर हे कुणाला सांगावं लागत नाही.

त्या सकाळी तिचा नवरा तासियो अर्धा लसणीचा भात तसाच टाकून उठला आणि त्यांच्या छोट्या रिसॉर्टच्या पाहुण्यांना होडीतून पलीकडच्या बंदरावर सोडायला निघाला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतून एका पाहुण्याने टॉवेल मागितला आणि क्रिसांता धावली.

परत येते तर मुलगी लिगाया फणकारली, "आई, मी माझी फिरवली. तुझी तशीच!"

"समुद्र बघ कसा निजलाय. बाबांना काय होतंय?" असं म्हणाली खरी, पण बसल्या बसल्या तिने घाईघाईने ताटली फिरवली. लिगाया वाट बघायला किनाऱ्यावर गेली.

थोड्या वेळाने तासियो मागच्या दाराने आत आला. नखशिखान्त भिजलेला. आपल्या जागी बसला आणि गार भात खाऊ लागला.

"आलास एकदाचा! माझा जीव टांगणीला लागला होता. होडी कुठाय?"

तो जेवतच राहिला. त्याच्या पायांशी पाणी साचत होतं, ते थांबेना.

"आई!" बाहेरून लिगाया आनंदाने ओरडली. "बाबा आले! होडीतून हात करतायत, बघ!"

क्रिसांता बाहेर बघायला उठली.

समोरच्याने खाणं थांबवलं आणि दोन्ही हातांनी आपली ताटली हळूच फिरवली.

"जाऊन ये," तो म्हणाला. "मी बसलोय."