तिसरा गिअर

बाबांची गाडी फाटकातून बाहेर पडली की मी आवाजावरून गिअर ओळखते. गॅरेज चालवते मी, कान तयार आहे. गेले तीन महिने दुसऱ्यावरून थेट चौथा पडत होता आणि गाडी हिसके देत होती. चालत्या गाडीत तिसऱ्यासाठी बाबांचा दुखरा डावा खांदा पुढे जातच नव्हता. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस हे कुणाला सांगणार? आईला माहेरी न्यायचं मात्र टाळत होते. म्हणे, "घाट खराब झालाय."

शेवटी मी न विचारताच गिअरचा दांडा काढला आणि त्याचं खालचं टोक वेल्डिंग करून वाढवलं. आता हात निम्माच हलवावा लागतो, जोर मात्र जास्त. जोर बाबांकडे अजून भरपूर आहे.

"माझ्या गाडीला हात कशाला लावलास?" ते कडाडले आणि तावातावाने गाडी घेऊन गेले.

मी फाटकात उभी राहून ऐकलं. पहिला. दुसरा. तिसरा!

दहा मिनिटांनी परतले. "गिअर घट्ट केलास," एवढंच मला म्हणाले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, पिशवी भर. घाट दुरुस्त झालाय!"