कानामागची रांग

रविवारी जेवताना निरंजन एकदम खदखदून हसला. माहेरच्या गावाला जाण्याआधी बायकोने, सुनेत्राने, सांगितलेला शेजारच्या मांजराचा किस्सा आत्ता कुठे त्याच्या कानात वाजला होता. कानामागे चिप बसवल्यापासून ऑफिसचं आणि घरचं सगळं बोलणं एकाच रांगेत थांबायचं, आणि आधी आलेलं त्याला आधी ऐकू यायचं.

सुनेत्रा हसली नाही. गावाहून परतल्यापासून ती मुद्दामच गप्प होती. आपण भर घातली नाही तर रांग लवकर सरेल, आणि तिथून फोनवर सांगितलेलं ते एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचेल. मग तो ताट बाजूला सारून आपल्याला जवळ घेईल. तोवर एकटीनेच रडायचं, असं तिने ठरवलं होतं.

"अगं, आईंना ताप होता म्हणून गेली होतीस होय?" निरंजन म्हणाला. "मला वाटलं, सहज गेलीस."

तिचा घास हातातच राहिला. आता पुढचं वाक्य तेच.

निरंजनच्या कानामागचा दिवा हिरवा झाला. रांग संपली होती.

"सुटलो बाबा!" तो म्हणाला. "मध्ये रांग इतकी तुंबली होती, की चिप नवीन आलेलं सरळ टाकूनच देत होती. काय टाकलं, तेही सांगत नाही कुणाला."

सुनेत्राने हातातला घास ताटात परत ठेवला.

"बोल की आता," भातावर वरण घेत तो म्हणाला. "उतरला ना आईंचा ताप?"