दिगूचा म्हातारा पिचर

“दमलाय तो म्हातारा पिचर, बदल त्याला!” मी फोनवर ओरडायचो.

“असू दे. त्याला अर्ध्यातून कसा उठवू?” माझा मित्र दिगू म्हणायचा आणि हरायचा. कॉम्प्युटरवरची आमची बेसबॉल लीग; पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. प्रत्येकाकडे इतिहासातला एक संघ. खेळाडू कधीच वारलेले, डावपेच आमचे.

मार्चमध्ये दिगू गेला. त्याचा संघ त्याच्याच जुन्या सूचनांवर खेळत राहिला. दर रविवारी म्हातारा मार खायचा आणि मी रिकाम्या घरात म्हणायचो, “सांगत होतो ना?”

आज दिगूचा संघ एका नव्या पोराकडे गेला आणि सातव्या डावात त्यानं म्हाताऱ्याला बाहेर काढलं. त्या नव्या मॅनेजरचा मेसेज आला, “काका, याला आधीच काढायला हवं होतं.”

मग माझाही पिचर दमला. बदलायचं बटण समोरच होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.