सीलबंद

‘इथून पुढे कुठे जाणार’ हा रकाना पाहुणीने कोराच ठेवला होता.

"तेवढं भरा," काउंटरमागच्या ताई म्हणाल्या. "कायद्याचं आहे, माझा इलाज नाही."

पाहुणीने पेन उचललं आणि परत ठेवलं. तिची चार वर्षांची मुलगी शेजारी उभ्या उभ्या पेंगत होती. पाहुणीच्या मनगटावर पिवळा पडत चाललेला वळ होता आणि ती बाही सारखी खाली ओढत होती. ताईंनी तो वळ एकदा पाहिला, पुन्हा तिकडे नजर वळवली नाही.

मग त्यांनी हॉटेलची पद्धत समजावून सांगितली. हॉटेल होतं पोस्ट ऑफिसच्या थाटाचं. खोल्यांना पिनकोड, किल्ल्यांना पितळी शिक्के, आणि मालक खाकी कोट घालून फिरायचे, म्हणून त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणायचे. हौस इतकी, की साधा टॉवेल मागवला तरी तो ‘पार्सल आलंय’ अशी हाळी देऊन दारात यायचा. पण एका बाबतीत थट्टा चालत नसे. पाहुण्याचा फॉर्म आणि ओळखपत्राची प्रत त्याच्या डोळ्यांदेखत लिफाफ्यात जायची. वर नाव, घरचा पत्ता, अगदी खऱ्या टपालासारखं. मग लाखेचं सील, आणि लिफाफा खोलीच्या खणात. निघताना तो जसाच्या तसा पाहुण्याच्या हातात. कॉम्प्युटरवर काही नाही, वहीत काही नाही. काउंटरवर कळलेली गोष्ट मालकांच्याही कानावर घालायची नाही, हा खुद्द मालकांचा नियम.

"म्हणजे हे कुणीच वाचणार नाही?" पाहुणीने विचारलं.

"तुमच्याच हातात परत येईल. शब्द देते."

पाहुणीने रकाना भरला. शाळेतल्या मैत्रिणीचा पत्ता, गल्ली आणि मजल्यासकट. सासरी ही मैत्रीण कुणाला ठाऊकच नव्हती. ताईंनी लाख वितळवली, शिक्का दाबला आणि लिफाफा तिच्या खोलीच्या, पाच नंबरच्या खणात सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. कधी विमा कंपनीचा माणूस बोलायचा, कधी डॉक्टर, कधी पाहुणीचा भाऊ. आवाज मात्र एकच. ताईंनी ताकास तूर लागू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज स्वतःच दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात मायलेकींचा फोटो. ताईंनी फोटो नीट निरखल्यासारखा केला आणि मान हलवली. तो म्हणाला, हरकत नाही, चहा तर मिळेल ना, आणि समोरच्या सोफ्यावर बसला.

चहा सांगायच्या निमित्ताने ताई आत गेल्या आणि मागच्या जिन्याने वर धावल्या. वय पन्नाशीचं, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी गुडघ्यांना कुणी विचारलं नाही. दहा मिनिटांत मायलेकी कपडे धुवायला नेणाऱ्या टेम्पोत चादरींच्या गाठोड्यांमागे बसल्या होत्या. मुलीचा एक बूट पायात, एक हातात. पाहुणीने ताईंचा हात घट्ट धरला, तो टेम्पो हलला तेव्हाच सोडला.

परत येऊन त्यांनी केस सारखे केले आणि त्याला विचारलं, "साखर किती?"

तो तीन दिवस येत राहिला. रोज सकाळी सोफा अडवायचा, चहा मागवायचा आणि हळूच एखादा खडा टाकायचा. मुलीला दम लागतो, तिचं औषध घरी राहिलंय. बायको जरा तापट आहे, पण मनाची वाईट नाही. दुसऱ्या दिवशी तर त्याने एक बाहुली आणून काउंटरवर ठेवली, आली तर द्या म्हणाला. ताईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. या कामात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आपल्यामुळे कुणी सापडलं, असं एकदाही घडलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला.

"बोल, आई," तो म्हणाला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं. निघतोच."

त्याने चहा अर्धा टाकला, बाहुली उचलली आणि काउंटरपाशी आला. "तीन दिवस फार त्रास दिला तुम्हाला," तो हसून म्हणाला. "आता नाही देणार."

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ताई दारात उभ्या होत्या. मग खुर्चीत बसल्या आणि त्यांना एकदम रडू आलं. घरच्यांनीच कंटाळून माघारी बोलावलं असणार. आला तसा हात हलवत गेला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पोस्टमास्तर खाकी कोटाची बटणं लावत आले. ताईंचे डोळे पाहून त्यांनी काय झालं विचारलं. ताईंना आज राहवेना. त्या म्हणाल्या, "एका पाहुणीचं एक मोठं संकट टळलं—"

पोस्टमास्तरांनी हात वर केला. पाहुण्यांचं आपल्याला काही सांगायचं नाही, नियम म्हणजे नियम, असं म्हणून ते खणांच्या कपाटाकडे वळले. कुठे कुठे बसलेली धूळ रुमालाने पुसली.

"पण तुमची एक चूक मी सांभाळून घेतली हं," ते म्हणाले. "परवा पाच नंबर रिकामी झाली, आणि लिफाफा आपला खणातच. कुणाचं खासगी आपल्याकडे एक रात्रसुद्धा पडून राहता कामा नये. संध्याकाळीच कुरिअरने धाडून दिला."

ताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "कुठे?"

"कुठे म्हणजे? पत्ता वरच होता की." त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि कौतुकाने वाचून दाखवलं. "मिळाला, दुपारी सव्वाबारा. सील शाबूत. सही, सासूबाई."